अकरा मैलांची बचत

आर्मंड तिबोडोच्या डोक्यात राज्य बदलायचं खूळ शिरलं ते एका टीव्हीमुळे. टीव्ही त्याचा नव्हता, त्याच्या मेहुण्याचा होता.

जानेवारीतल्या एका रविवारी रोलंड नेहमीप्रमाणे बहिणीकडे जेवायला आला. क्लॉडेटने तूर्त्येर, म्हणजे डुकराचा खिमा भरलेला पाय, भाजली होती. तिचा दुसरा तुकडा ताटात ओढून घेत रोलंड म्हणाला, "परवा टीव्ही घेतला. पासष्ट इंची. किमतीच्या चिठ्ठीवर सहाशे डॉलर लिहिले होते, आणि मी सहाशेच दिले."

मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या माणसाला हे वाक्य कुठे लागतं ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. तिथे चिठ्ठीवर सहाशे असतील तर गल्ल्यापर्यंत पोचताना त्यांचे सहाशे सदतीस आणि वर पन्नास सेंट होतात. रोलंड दहा वर्षांपूर्वी हेव्हरिल सोडून न्यू हॅम्पशरला राहायला गेला होता. म्हणजे उत्तरेला अकरा मैल. पण ते अकरा मैल ओलांडताना त्याने कुठलासा महासागर पार केला असावा, असं तो बोलताना वाटायचं. "आमच्याकडे विक्रीकर नाही. आमच्याकडे पगारावर कर नाही." दहा वर्षांच्या रविवारांत हा 'आमच्याकडे' आर्मंडने इतक्या वेळा गिळला होता, की तूर्त्येर त्यामानाने हलकी वाटावी.

"किती वाचतात रे तुझे वर्षाला?" आर्मंडने विचारलं.

"पुष्कळ," रोलंड म्हणाला.

इथेच सगळं बिघडलं. दुसरा कोणी असता तर 'पुष्कळ' ऐकून गप्प बसला असता. पण आर्मंडला झाकण दिसलं की उघडून आत बघायची सवय होती. तेहेतीस वर्षं तो हेव्हरिल शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात नोकरीला होता. पाणी कुठून येतं, कशातून जातं आणि वाटेत त्याचं काय होतं, हे बघण्याचाच त्याला पगार मिळे. सुट्टीच्या दिवशीही ती सवय सुटत नसे. एकदा चर्चमधल्या फादरचं नवं श्रवणयंत्र त्याने 'जरा बघू' म्हणून हातात घेतलं होतं, आणि त्या रविवारचं प्रवचन सगळ्या गावाने ऐकलं, एकट्या फादरना सोडून.

'पुष्कळ' म्हणजे नक्की किती, हा प्रश्न त्याच्या मागेच लागला. आठ दिवसांत त्याने तीन पानं भरून मुद्दे काढले आणि जेवणाच्या टेबलावर क्लॉडेटपुढे ठेवले. क्लॉडेट इस्पितळाच्या बिलं करण्याच्या खात्यात अठ्ठावीस वर्षं काम करत होती. तिने पहिलं पान वाचलं, उरलेली दोन न वाचताच उलटी ठेवली आणि म्हणाली, "महिनाभर भाड्याने राहून बघू. मार्चमध्ये. घर विकायची गोष्ट त्यानंतर."

आर्मंड गडबडला. त्याने युद्धाची तयारी केली होती आणि समोरच्याने दारच उघडून दिलं होतं.

"मार्चमध्ये?" पुढच्या रविवारी रोलंड म्हणाला. "मार्चमध्ये आमच्याकडे कोणी येत नाही."

"म्हणूनच स्वस्त मिळेल," क्लॉडेट म्हणाली.

बातमी शेजारी पोचायला वेळ लागला नाही. शेजारच्या मिसेस पापुलियास एक्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या ओसरीतून आर्मंडचं स्वयंपाकघर, गॅरेज आणि कचऱ्याचा डबा असं तिन्ही दिसत असे. "माझा पुतण्या गेला फ्लोरिडाला," त्या म्हणाल्या. "तिकडे पण कर नाही म्हणे. दोन वर्षांत वादळाने छप्पर नेलं. विम्यात जे गेलं त्यात तीन माणसांचे कर भरून झाले असते."

"न्यू हॅम्पशरला वादळ नसतं, मिसेस पापुलियास."

"मग दुसरं काहीतरी असेल. फुकट कोणी काही ठेवत नाही, आर्मंड. कुठे ठेवलंय तेवढं बघून ये."

कामावरही सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने सांगितलं, तिकडे घरपट्टी अशी असते की माणूस स्वतःच्या घरात भाडेकरू होतो. दुसऱ्याने सांगितलं, घर लहान घे, त्यांना खिडक्या मोजता येतात. न्हाव्याने सांगितलं, तिकडची माणसं सभ्य असतात पण दोनदाच बोलतात, आलात तेव्हा आणि गेलात तेव्हा. आर्मंडने सगळं ऐकून घेतलं. त्याला यातलं खरं काय आणि खोटं काय हेच तर बघायचं होतं.

नॉर्थ कॉर्बेट गावात, रोलंडच्या घरापासून अर्ध्या मैलावर, तळ्याकाठी एक घर मिळालं. मालक फक्त उन्हाळ्यात यायचे. भाड्याची पावती हातात आली तेव्हा आर्मंडने ती दोनदा वाचली. कर नसलेल्या राज्यातली त्याची ही पहिली पावती, आणि तिच्या तळाशी साडेआठ टक्के कर लावलेला होता.

"तो पाहुण्यांवरचा आहे," रोलंड म्हणाला. "आमच्यावर नाही."

"असं होय," आर्मंड म्हणाला. तो अजिबात रागावला नाही. त्याला गंमत वाटली.

पहिल्या सकाळी त्याने नळ सोडला आणि तिथेच उभा राहिला. पाण्याला उकडलेल्या अंड्यांचा वास येत होता. साठ हजार माणसांना तेहेतीस वर्षं निर्मळ पाणी पाजलेल्या गृहस्थाच्या नाकाखाली हा प्रकार घडावा, हे त्याला व्यक्तिशः लागलं. त्याने रोलंडला फोन केला.

"विहिरीचं आहे," रोलंड म्हणाला. "प्रत्येकाची आपापली. पाण्याचं बिलच येत नाही आमच्याकडे."

"आणि पंप बिघडला तर?"

"दुरुस्त करायचा."

"कोणी?"

रोलंडने सांगितलं, की मागल्या वर्षी त्याचा पंप बिघडला होता आणि त्याला दोन हजार आठशे पडले होते; पण ते बिल नव्हतं, खर्च होता.

पाचव्या दिवशी खिडकीच्या उजेडात आर्मंडला दिसलं की क्लॉडेटचे केस नारिंगी झाले आहेत. तिचे केस पांढरेशुभ्र होते आणि त्यांचा तिला थोडा अभिमानही होता. आता कडेकडेने त्यांना मुरंब्याची झाक आली होती. आर्मंडने प्रामाणिकपणे सांगितलं, की विहिरीत लोह असणार, आणि लिटरमागे किती असेल याचा त्याला अंदाजही आहे. क्लॉडेटने आरशात जाऊन पाहिलं. इस्पितळातल्या दोघीतिघींनी तिला 'कुठला रंग लावलास गं, छान दिसतोय' असं विचारल्याचं तिने तोपर्यंत सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून ती केस धुवायला दुकानातून बाटल्यांचं पाणी आणू लागली. बाटल्यांवर विक्रीकर पडला नाही, एवढं मात्र आर्मंडने तिच्या लक्षात आणून दिलं. नंतर त्याला वाटलं, आणून दिलं नसतं तरी चाललं असतं.

मग कचरा.

बुधवारी सकाळी आर्मंडने सवयीने डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला. गुरुवारी डबा तिथेच होता. झाकण तळ्याकडे होतं आणि आतला माल रॅकून नावाच्या जनावरांनी अंगणभर मांडला होता.

"गाडी येत नाही," रोलंडने समजावलं. "आपण न्यायचा. शनिवारी, आठ ते बारा."

शनिवारी आर्मंड गावच्या कचरा डेपोवर रांगेत उभा राहिला. फाटकावरच्या लोकरीच्या टोपीवाल्याने त्याच्या गाडीच्या काचेकडे पाहून विचारलं, "स्टिकर?"

"कुठे मिळतो?"

"गावकचेरीत. मंगळवारी आणि गुरुवारी, चार ते सहा."

मंगळवारी आर्मंड कामावरून लवकर निघून गावकचेरीत पोचला. खिडकीमागच्या बाई मोठ्या अदबीने बोलत होत्या. "आपण इथले रहिवासी आहात का?"

"तेच ठरवतोय," आर्मंड म्हणाला.

"ठरलं की या," बाई म्हणाल्या, आणि त्यात टोमणा होता की नियम होता हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

गाडीच्या मागच्या सीटवर चार पिशव्या जमल्या. गाडीलाही आता अंड्यांचा वास येऊ लागला होता, जरी त्याचा विहिरीशी संबंध नव्हता. शेवटी बुधवारी सकाळी साडेसहाला, कामावर जाता जाता, आर्मंड हेव्हरिलमधल्या स्वतःच्या घरासमोर थांबला. बुधवार हा त्या रस्त्याचा कचऱ्याचा दिवस. इकडेतिकडे बघून त्याने पिशव्या काढल्या आणि स्वतःच्याच डब्यात, चोरून, टाकायला सुरुवात केली. जादा करातून सुटका करून घ्यायला निघालेला माणूस त्याच राज्यात कचरा लपवून आणत होता.

"आर्मंड," ओसरीतून आवाज आला. "कचरा कुठला?"

"घरचा, मिसेस पापुलियास."

"कुठल्या घरचा?"

आर्मंडने तिसरी पिशवी जरा दाबून बसवली. "घरपट्टी इथेच भरतो मी अजून."

"म्हणजे राहायला तिकडे आणि कचऱ्याला इकडे." बाईंनी सपाता नीट घातल्या आणि पायरीपर्यंत आल्या. त्यांना राग आला नव्हता, उत्सुकता होती. "स्वस्त पडतंय का?"

"अजून बघतोय."

"चौथी माझ्या डब्यात टाक. तुझा बंद नाही होणार."

त्याच आठवड्यात बर्फ वितळला. तळ्याकडचा रस्ता कच्चा होता आणि तो खाजगी आहे हे आर्मंडला तोवर ठाऊक नव्हतं. गाडी वळणावर शिरली ती चाकांच्या आसापर्यंत चिखलात बसली. अर्ध्या तासाने ट्रॅक्टर घेऊन एक म्हातारा आला, साखळी लावली, गाडी ओढली आणि साठ डॉलर घेतले.

"रस्ता दुरुस्त कोण करतं?" आर्मंडने गुडघ्यांवरचा चिखल खरवडत विचारलं.

"ज्याचा आहे तो."

"कोणाचा आहे?"

"राहतात त्यांचा. वर्गणी काढतात."

"मी तर महिनाभराचा भाडेकरू."

"मग महिनाभर तुमचा," म्हातारा म्हणाला. आर्मंडने त्याला जमीन किती फूट गोठते तेही विचारून घेतलं. चार फूट. काहीही म्हटलं तरी माहिती ती माहिती.

आता गंमत बघा, एवढं सगळं होऊनही त्याचा मूळ प्रश्न जागच्या जागी होता. विहीर, कचरा, चिखल ही सगळी चिल्लर झाली. पगारावरचा कर ही मोठी रक्कम. ती वाचत असेल तर क्लॉडेटने दर शनिवारी पार्लरमध्ये जाऊन केस धुवून घेतले तरी परवडलं असतं. ही रक्कम किती, हे रोलंड सांगत नव्हता. विचारलं की म्हणायचा, "माणसामाणसावर आहे."

आणि मग आर्मंडने दुकानाच्या दारावर गावसभेची सूचना वाचली. शनिवार, सकाळी नऊ, शाळेच्या व्यायामशाळेत. गावाने वर्षभरात काय खर्च करायचा ते गावातली माणसं हात वर करून ठरवणार. अख्ख्या यंत्राचं झाकण उघडं ठेवून कोणी आत बघायला बोलावतंय, असं त्याला वाटलं. तो पावणेनऊलाच जाऊन बसला.

मतदारांना पिवळी कार्डं मिळाली. आर्मंडला भिंतीकडचं बाक मिळालं. त्यावर एक वार्ताहर आणि कुणाची तरी सासू अशी दोनच माणसं होती. रोलंड तिसऱ्या रांगेत चौकड्यांच्या शर्टात बसला होता. आर्मंडला पाहून त्याने मान हलवली, पण ती जरा आखडलेली होती.

आगीचा नवा बंब सहा लाख चाळीस हजार डॉलरचा होता. तो अकरा मिनिटांत मंजूर झाला. त्यानंतर ग्रंथालय आठवड्यातून दोन तास जास्त उघडं ठेवायला नऊशे डॉलर लागणार होते, त्यावर पन्नास मिनिटं वाद झाला. सहा लाख म्हणजे किती याची कोणालाच कल्पना नव्हती. दोन तास म्हणजे काय हे प्रत्येकाला कळत होतं. प्रत्येक रकमेपुढे सभापती सांगत होते, याने घरपट्टी एवढ्या सेंटने वाढेल. आर्मंड ऐकत होता आणि त्याचा हात आपोआप वर गेला.

"नाव?" सभापतींनी विचारलं.

"आर्मंड तिबोडो. तळ्याचा रस्ता. मार्चपुरता."

खसखस पिकली. सभापती म्हणाले, "बाहेरच्या माणसाला बोलायचं तर सभेची परवानगी लागते. मत घेऊ."

पिवळी कार्डं वर गेली. मोजणी झाली. बाजूने एक्याण्णव, विरुद्ध अठ्ठावन्न. आपलं बोलणं नक्की किती माणसांना नको आहे, हे आर्मंडला आयुष्यात पहिल्यांदाच इतकं अचूक कळलं. तरी तो उभा राहिला.

"मी आणि माझी बायको, दोघंही मॅसॅच्युसेट्समध्ये नोकरी करतो. इथे राहायला आलो तर वर्षाला किती वाचेल? नक्की आकडा मला कोणी सांगत नाही."

पुढच्या रांगेत विणत बसलेल्या एका बाईंनी सुया थांबवल्या. "नोकरी तिकडेच ठेवणार?"

"हो."

"मग पगारावरचा कर तिकडेच जाणार. जिथे कमावता तिथे कापतात."

"पण राहणार तर इथे."

"राहा ना," बाई म्हणाल्या आणि पुन्हा विणू लागल्या.

मागून कोणीतरी विचारलं, "निवृत्त कधी होणार?"

"चार वर्षांनी. शहराचं पाणीखातं."

"मग तर सरकारी पेन्शन. त्यावर तिकडे राज्याचा करच नाही. माझ्या भावाला नाही लागत."

आर्मंडने बाकाची पाठ धरली. म्हणजे आता तिकडे राहून जेवढा कर, तेवढाच इकडे येऊन. आणि निवृत्त झाल्यावर तिकडेही शून्य, इकडेही शून्य. मधल्या मध्ये विहीर, डेपो, चिखल आणि दुपटीच्या आसपासची घरपट्टी.

सभापती भले गृहस्थ होते. आर्मंड एकटाच वेडा ठरू नये असं त्यांना वाटलं असावं. "पाहुण्यांना कळावं म्हणून बघू," ते म्हणाले. "नोकरी सीमेपलीकडे आणि कर तिकडे भरणारे, हात वर. कार्डं नकोत, नुसते हात."

सगळ्या व्यायामशाळेत हात वर होऊ लागले. पन्नास असतील, साठ असतील. माणसं एकमेकांकडे बघून हसत होती. आणि तिसऱ्या रांगेत, चौकड्यांच्या बाहीतला एक हात सगळ्यांत शेवटी, सावकाश, खांद्यापर्यंत वर गेला आणि तिथेच थांबला. रोलंडने मागे वळून पाहिलं नाही.

"उत्तर मिळालं?" सभापतींनी विचारलं.

"मिळालं," आर्मंड म्हणाला.

"पुढचा विषय. शाळेच्या छपराची पन्हळ."

जेवणाच्या सुट्टीत अग्निशमन दलाच्या मंडळींनी शिजवलेला घेवडा आणि काळा पाव वाढला. आर्मंड दोन कागदी ताटल्या घेऊन बाहेर आला. रोलंड स्वतःच्या गाडीला टेकून उभा होता. आर्मंडने एक ताटली त्याच्या हातात दिली. दहा वर्षांचे 'आमच्याकडे' परत करायची याहून चांगली वेळ मिळाली नसती आणि तशी चारदोन वाक्यं त्याने दारातून बाहेर येईपर्यंत जुळवलीही होती. पण रोलंडचा चेहरा बघून त्याने ती बाजूला ठेवली. त्याला आता खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्याच वर्षी, एप्रिलमध्ये कळलं. कराचा फॉर्म भरताना."

"मग परत का नाही आलास?"

रोलंड घेवडा चमच्याने इकडचा तिकडे करत राहिला. "मी करासाठी आलोच नव्हतो. माझी मार्सेल वारल्यावर त्या घरात मला बसवेना. तिचं स्वयंपाकघर, तिची खुर्ची. सात महिने काढले कसेतरी. मग हे घर दिसलं आणि घेतलं. सगळे विचारायला लागले, अरे का चाललास, इतकं चांगलं घर सोडून का चाललास. एकदा सहज म्हणून गेलो, कर वाचतो. तर काय सांगू तुला, समोरचा लगेच गप्प. कर म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. मान हलवतात आणि जातात." त्याने एक घास खाल्ला. "मग तेच म्हणत राहिलो."

"आणि आम्हाला कशाला बोलावत होतास?"

"तुम्हाला कोणी बोलावलं? मी नुसता टीव्ही सांगितला." थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुमच्याकडचा रविवार चार वाजता संपतो, आर्मंड. त्यानंतर मला अकरा मैल गाडी चालवावी लागते."

तेहेतीस वर्षं नळ्या-वाहिन्या शोधणाऱ्या माणसाला मेहुण्याच्या मनात काय वाहत होतं ते दहा वर्षांत दिसलं नव्हतं, कारण त्याने विचारलं होतं ते सगळं टीव्हीबद्दल आणि टक्क्यांबद्दल. तो म्हणाला, "घेवडा निवतोय," आणि दोघांनी उभ्याउभ्या जेवण संपवलं.

दुपारी त्याने क्लॉडेटला सगळं सांगितलं. ती खिडकीशी बसून एका बाटलीतल्या पाण्याने चहाचे कप विसळत होती.

"काहीच वाचत नाही," तो म्हणाला. "उलट वर्षाला अडीच हजार आपल्यालाच जास्त पडतील."

"सव्वीसशे," क्लॉडेट म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"आपले फॉर्म गेली तीस वर्षं कोण भरतं?"

"मग जानेवारीत का नाही बोललीस?"

"तू मला विचारलंस कधी? तू रोलंडला विचारलंस. मला तीन पानं वाचायला दिलीस." तिने कप पालथा घातला. "आणि तो कर भरतो हेही मला वाटलंच होतं. मॅसॅच्युसेट्सच्याच कारखान्यात काम करतो, सुटेल कसा? पण तो दर रविवारी ते सगळं सांगायचा तेव्हा माझ्याकडे बघायचा नाही. म्हटलं, महिनाभर जवळ राहून बघू काय आहे ते. मार्चमध्येच मार्सेल गेली होती ना."

आता आर्मंडलाही तारीख आठवली, आणि आधी आठवली नाही याची लाज वाटली.

उरलेले बारा दिवस रोलंड रोज संध्याकाळी तळ्याच्या घरी जेवायला आला. 'आमच्याकडे' म्हणणं त्याने बंद केलं होतं, त्यामुळे पहिले दोन दिवस कोणाला काय बोलावं तेच कळेना. मग क्लॉडेटने मार्सेलचा विषय काढला. ती पत्ते खेळताना कशी लबाडी करायची, तिने एकदा चर्चच्या जत्रेत फादरचेच नऊ डॉलर कसे जिंकले. रोलंड आधी ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "नऊ नाही, चौदा."

निघायच्या आदल्या दिवशी, सकाळी, आर्मंडला राहवलं नाही. एक हिशेब राहून गेला होता आणि तो नुसत्या कुतूहलापोटी करून बघावा असं त्याला वाटलं. हेव्हरिलमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला नव्या वर्षापासून रिकामा पडला होता. भाडेकरू ओहायोला गेले होते. त्याने रोलंडची घरपट्टी, पंप, रस्त्याची वर्गणी, बर्फ काढणारा, गॅस, कारखान्यापर्यंतचं रोजचं पेट्रोल असं एकाखाली एक मांडलं. समोर वरच्या मजल्याचं भाडं मांडलं, नातेवाइकाला लावायचं तेवढंच. पगारावरचा कर दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे खोडून टाकला.

त्याने बेरीज तीनदा केली. मग कागद क्लॉडेटपुढे सरकवला. या वेळी तिने पूर्ण पान वाचलं.

रोलंड खोकी गाडीत भरायला आला तेव्हा तिने तो कागद त्याच्या हातात दिला. "राज्य बदललंस तर वर्षाला चार हजार वाचतील तुझे," ती म्हणाली.

"कुठल्या राज्यात?"

"आमच्याकडे," क्लॉडेट म्हणाली.

रोलंडने कागद उलटसुलट करून पाहिला. पेट्रोल जरा जास्त धरलंय, असं तो म्हणाला. आर्मंडने पेट्रोल कमी केलं, तरी साडेतीन हजार उरले. रोलंडने आणखी काही शोधलं, पण मिळालं नाही. "बघू," तो म्हणाला, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. क्लॉडेटने फक्त टीव्ही वरच्या मजल्याच्या जिन्यातून जाईल का, तेवढं मोजून ठेवायला आर्मंडला सांगितलं.

टीव्ही जिन्यातून गेला. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भाड्याचा ट्रक हेव्हरिलच्या रस्त्याला लागला. आर्मंड आणि रोलंडने तो पासष्ट इंची पेटारा वर चढवला, मग गादी, मग आरामखुर्ची. मिसेस पापुलियास ओसरीत बसून प्रत्येक वस्तू तपासत होत्या. रोलंड एक खोकं घेऊन त्यांच्या पायरीसमोरून निघाला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं.

"परत का आलास रे?"

"कर वाचतो," रोलंड म्हणाला आणि पुढे निघाला.

"इकडे?" मिसेस पापुलियास म्हणाल्या. "बावन्न वर्षं मी इथे कर भरतेय. कसा वाचतो? बस इथे. मला नीट सांग."

रोलंड खोकं धरून उभा राहिला. त्याने जिन्याकडे बघितलं, आर्मंडकडे बघितलं. आर्मंडने ट्रकमधला दिवा उचलला आणि तो वर गेला. वरच्या खिडकीतून त्याला दिसलं, की रोलंडने खोकं पायरीवर ठेवलं आहे आणि बाईंनी बाजूची खुर्ची झटकून दिली आहे. बराच वेळ रोलंड वर आला नाही. उरलेला ट्रक आर्मंडने एकट्यानेच रिकामा केला.